उकिरड्यातील बाटली : इतिहासाचे एक साधन

ओसाड घरामागील जुन्या उकिरड्यात सापडलेली काचेची बाटली शिक्षकाने टाकाऊ समजू नये. तिच्या अंगावरील सांध्याची रेघ विद्यार्थ्यांना दाखवावी. रेघ गळ्यापाशीच संपत असेल, तर तोंड बहुधा हाताने घडविलेले असते. ती थेट ओठाच्या काठापर्यंत गेली असेल, तर बाटली बहुधा यंत्रावर झालेली असते. गोटीच्या सोडाबाटलीचे पेटंट इंग्लंडातील हायरम कॉड यांनी १८७२ साली घेतले. अर्थात अशी बाटली ज्या थरात सापडेल, तो थर त्यापूर्वीचा नव्हे. मात्र बाटल्या पुनःपुन्हा वापरल्या जात, म्हणून ती कधी घडली आणि कधी फेकली गेली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

एका शाळेच्या तपासणीत हाताला पट्टी बांधलेला विद्यार्थी मला भेटला. त्याने उघड्या हातांनी काच उपसली होती. तेव्हा उत्खनन मुलांकडून मुळीच करवू नये. जागेच्या मालकाची अनुमती घेऊन शिक्षकाने स्वतः जाड हातमोजे घालून बाटली काढावी व थराची खोली टिपावी. बूच लावलेली बाटली उघडू नये, हुंगू नये. संरक्षित स्मारकाच्या परिसरात कुदळ लावूच नये. धुतलेली बाटली व तिची नोंद वर्गात ठेवावी. पुराव्यावरून अनुमान कसे काढावे, हे मुले त्यावरून शिकतील.