लोखंडाची चीर आणि तिची मोजणी

उसानें भरलेली ट्रॉली रस्त्यांत आंस मोडून बसली, कीं पाहणारे बहुधा म्हणतात, "लोखंडच खोटें निघालें, नाहीं तर एकाएकीं कसें मोडेल?" कांहीं वेळां लोखंड खोटें असतेंही. परंतु पुष्कळ वेळां तें एकाएकीं मोडलेलें नसतें. महिनोन्‌महिने मोडत आलेलें असतें, व आपलें तिकडे लक्ष गेलेलें नसतें, इतकेंच. हें मोडणें कसें चालतें व तें डोळ्यांनीं कसें मोजतां येतें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. त्याच जागीं पुन्हां पुन्हां वांकविली कीं तुटते. जाड आंसाचेंही तसेंच आहे. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यागणिक त्यावर ताण चढतो व उतरतो. एका वेळचा ताण त्यास सहज सोसतो. परंतु असे लक्षावधि ताण झाले म्हणजे वेल्डिंगचा सांधा, भोंक, कोपरा किंवा गंजाचा खड्डा असेल तेथें केंसासारखी चीर पडते. यास धातूचा थकवा म्हणतात. मोडलेला तुकडा निरखून पाहावा. पुष्कळदां त्याचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा दिसतात, आणि उरलेला भाग दाणेदार असतो. गुळगुळीत भाग हळूहळू फाटलेला, व दाणेदार भाग अखेरच्या क्षणीं तुटलेला होय.

ता. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडून पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. पुढें ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे-इंजिनियरानें आंसांवर अनेक वर्षें प्रयोग केले, आणि १९०३ सालीं युइंग व हम्फ्री या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अशा चिरेचा उगम सूक्ष्मदर्शकांतून पाहिला. आपल्या पुण्यासही १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत वाहनांचे भाग वारंवार ताण देऊन तपासले जातात.

आतां मोजणीची रीत पाहूं. धातूची पट्टी आरशासारखी घासून तिच्या कडेस बारीक खांच पाडतात व यंत्रानें तिला ठराविक ताण वारंवार देतात. समोर भिंगाचा कॅमेरा अढळ बसविलेला असतो. जमिनीच्या मोजणींत खुणेचा दगड हलला तर सर्व आंकडे फुकट जातात. तीच गोष्ट येथें कॅमेऱ्याची. ठराविक ताणांनंतर यंत्र थांबवून छायाचित्र घेतात, तेंही ताण चढलेला असतांना. कारण ताण उतरला कीं चीर मिटते व तिचें टोंक दिसेनासें होतें. छायाचित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. पट्टीवरील १० मिलीमीटर अंतरांत ४०० ठिपके मावले, तर एक ठिपका म्हणजे मिलीमीटरचा चाळिसावा भाग. चीर ४८० ठिपके लांब दिसली तर ती १२ मिलीमीटर झाली. एक उणीव मात्र ध्यानांत ठेवावी: कॅमेऱ्यास पृष्ठभाग दिसतो, आंतील चीर दिसत नाहीं.

अशा मोजणीवरून दोन गोष्टी कळल्या. पहिली, चीर आरंभीं फार सावकाश चालते, व जों जों लांबते तों तों वेगानें धांवते. दुसरी, पॅरिस व एर्दोगान यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावरून पाहतां, पोलादावरील चढउताराचा ताण दुप्पट झाला तर तितक्याच लांबीच्या चिरेची वाढ सुमारें आठपट वेगानें होते. ट्रॉलीवर बेसुमार भर घालणाऱ्यानें हा हिशेब अवश्य करावा. एका खेपेचें भाडें वांचतें, पण आंसाचें आयुष्य त्याहून पुष्कळ अधिक खर्ची पडतें.

शेतकऱ्यानें काय करावें? हंगामापूर्वीं आंस, हूक व सांधे घासून स्वच्छ करावे. त्यांस रॉकेल लावून कांहीं वेळानें कोरडें पुसावें व वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आंत मुरलेलें तेल बाहेर येऊन पुडीवर काळसर रेघ उमटते. नांगराच्या सांगाड्यासारख्या बिनधोक्याच्या भागावर रेघ दिसल्यास तिच्याशेजारीं मोजपट्टी ठेवून मोबाइलनें समोरून छायाचित्र घ्यावें, तारीख टिपावी, व पंधरा दिवसांनीं तसेंच पुन्हां घ्यावें. चीर वाढते कीं थांबली, तें आपोआप कळेल. परंतु आंस, हूक, ब्रेक किंवा सुकाणू यांवर चीर दिसली तर मोजीत बसूं नये. तो भाग त्याच दिवशीं उतरवावा.

चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय. दुरुस्ती करावयाची तर आधीं चीर मुळापर्यंत खोदून काढली पाहिजे, व तें काम जाणत्याचेंच आहे. पाबळास डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमांत मुलें प्रत्यक्ष काम करीत वेल्डिंग शिकतात. आपल्या मुलांनींही हें शिकावें. रस्त्यानें ट्रॉलीशेजारून कोणाचा तरी मुलगा सायकलीवर जात असतो. त्याच्यासाठीं तरी वर्षांतून एक दिवस खडू आणि रॉकेल घेऊन बसावें, अशी वाचकांस आमची विनंती आहे.