हमीवाचून घेतलेली मोटार

‘गाडी चालवून पाहिली, पसंत केली, जशी आहे तशी घेतली, यापुढे गाडीबद्दल कोणतीही तक्रार चालणार नाही’ अशा आशयाचे एक वाक्य जुन्या मोटारीच्या विक्रीपावतीत बहुधा तळाशी, सह्यांच्या लगत वर असते, आणि बयाणा देऊन झालेला आहे, किल्ली हातात आलेली आहे, घरची मंडळी मागच्या सीटवर बसूनही पाहत आहेत, अशा त्या घटकेला ते वाक्य थांबून वाचण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही. वास्तविक त्या दस्तऐवजात खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत महागडे वाक्य तेच होय. जुनी गाडी नव्या गाडीहून स्वस्त मिळते, तेव्हा त्या स्वस्ताईचा काही भाग झिजेबद्दल असतो, हे सर्वांना कळते. परंतु उरलेला भाग हा विक्रेत्याच्या खांद्यावरची जोखीम आपल्या खांद्यावर घेतल्याबद्दलचा मोबदला असतो, आणि तो मोबदला पुरेसा आहे की नाही याचा हिशेब मात्र क्वचितच केला जातो.

हा हिशेब अवघड का असतो, याची मीमांसा जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात केली. तीन नियतकालिकांनी नाकारलेला तो निबंध चौथ्याने छापला, आणि पुढे २००१ साली याच विषयातील कामाबद्दल त्यांना इतर दोघा अर्थशास्त्रज्ञांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मोटार कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या-वाईटाची सरासरी काढून मधला भाव देतो. तो भाव ज्याची गाडी खरोखर उत्तम आहे त्याला परवडत नाही, तो ती विकायला काढत नाही, आणि अशा रीतीने बाजारात उरलेल्या गाड्यांचा दर्जा सरासरीच्याही खाली घसरत जातो. या कोंडीतून सुटण्याच्या ज्या वाटा त्यांनी सांगितल्या त्यांत हमी ही एक होती. आपल्या मालाविषयी जे ठाऊक आहे त्यावर स्वतःचे पैसे लावायला जो तयार होतो, त्याचे म्हणणे ऐकण्याजोगे असते. आणि जो तयार होत नाही, त्याच्या नकारातूनही काही माहिती मिळतेच.

आपला कायदा या बाबतीत प्रथमदर्शनी फारसा दिलासा देत नाही. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाचे कलम १६ मालाच्या दर्जाबद्दल सर्वसाधारणपणे कोणतीही गर्भित हमी मानीत नाही. पारख करण्याचा भार घेणाऱ्यावर असतो. त्याला अपवाद आहेत. विक्रेता त्याच मालाचा व्यापारी असेल, घेणाऱ्याने आपले प्रयोजन त्याला सांगितले असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर जबाबदारी त्याच्याकडे जाते. परंतु माल तपासून घेतला असल्यास त्या तपासणीत दिसायला हवे होते असे दोष मागाहून पुढे करता येत नाहीत, आणि कलम ६२ प्रमाणे उभयपक्षी करार करून गर्भित हमी वगळताही येते. पावतीतले ‘चालवून पाहिली, पसंत केली’ हे शब्द शिष्टाचाराचे नसून या दोन्ही तरतुदींवर नेमके बोट ठेवणारे असतात.

याहून मार्मिक प्रकरण १८७२ च्या करार अधिनियमात सापडते. कलम १७ मध्ये लबाडीची व्याख्या करताना कायदेकारांनी एक घोडा उदाहरणाला घेतला आहे. एकाने आपला घोडा लिलावात दुसऱ्याला विकला. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत होते, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मात्र त्याच कलमाच्या पुढच्या एका उदाहरणात घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि यावर विकणारा गप्प बसतो. येथे ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. घोड्याच्या जागी मोटार आली तरी या दोन उदाहरणांमधील अंतर तसेच राहिले आहे, आणि हमीवाचून गाडी घेणाऱ्याचा सारा बचाव त्या अंतरातच आहे. न विचारलेल्या दोषाबद्दल विक्रेता मौन पाळू शकतो. विचारलेल्या दोषाबद्दल खोटे बोलला तर मात्र तो कायद्याच्या तावडीत येतो. तेव्हा मोठा अपघात झाला होता काय, पुराचे पाणी गाडीत शिरले होते काय, इंजिन कधी उघडले आहे काय, मीटर बदललेला आहे काय, असे चार साधे प्रश्न व्हॉट्सअॅपवर लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी विचारले तर ‘अहो, गाडी एकदम मक्खन आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्याचा पुरावा म्हणून काडीचाही उपयोग नसतो.

विक्रेता कोण, यानेही पुष्कळ फरक पडतो. शेजारच्या गृहस्थाने आपली घरची गाडी विकली, तर तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाकडे त्याच्याविरुद्ध दाद मागणे कठीण. दिवाणी दावाच करावा लागतो. डीलरकडून घेतलेल्या गाडीबाबत तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत आयोगाकडे नेता येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेण्याची आणि ताब्यात आलेल्या गाडीची नोंद कळवण्याची तरतूदही झाली आहे. ते अधिकारपत्र दाखवा म्हणून सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. काही डीलर सहा महिन्यांची किंवा वर्षाची ‘वॉरंटी’ जाहीर करतात. पण तिचा तपशील पाहू जाता बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स एवढ्यांचीच हमी असते, आणि क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर ही जी खर्चाची नित्याची ठिकाणे ती झिजेच्या नावाखाली वगळलेली असतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्याने एका गोष्टीची विशेष दक्षता घ्यावी, ती म्हणजे बुडालेल्या गाडीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले; अशा प्रत्येक प्रसंगी असंख्य मोटारी छतापर्यंत बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात मानलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी ते पूर्ण नुकसान मानते आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. तो सांगाडाच राहतो असे नाही. कित्येकदा तो धुऊन, वाळवून, आतून नवे कापड चढवून, जेथे पूर कधी आला नाही अशा जिल्ह्यात पुन्हा विक्रीस येतो. बाहेरून काही कळत नाही. परंतु पुढचा सीट बेल्ट शेवटच्या वितीपर्यंत ओढून काढला, तर जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो त्यावर मातकट पट्टा दिसू शकतो. स्टेपनी उचलली तर तिच्याखालच्या खोबणीत बारीक गाळ किंवा गंज आढळतो. आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरला तर वायरींच्या जोडांवर हिरवट बुरा आलेला असतो. हा बुरा म्हणजेच खरे संकट. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते, चालते, आणि सहा-आठ महिन्यांनी, पावती जुनी झाल्यावर, तिच्या विजेच्या यंत्रणेचे भाग एकेक करून दगा देऊ लागतात.

मीटर मागे घेण्याची कला तर आता फारच सोपी झाली आहे. पूर्वी तारेने चाके उलटी फिरवावी लागत. आजच्या डिजिटल मीटरचा आकडा संगणकाने थोड्या वेळात बदलता येतो. म्हणून मीटरवरच्या आकड्याला इतर साक्षीदारांकडून दुजोरा मागावा. प्रत्येक टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; गाडी २०१७ ची, मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर, आणि चारही टायरांवर ‘१४२१’, म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यातले, असे असेल तर मूळचे टायर इतक्या अल्प प्रवासात कसे संपले, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. क्लचच्या पेडलचे रबर, चालकाच्या सीटची दाराकडची कड आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी यांची साक्ष बहुधा एकमेकांशी जुळते. जी गाडी कधीच अधिकृत सर्व्हिसला गेली नाही, तिच्याबाबत आकडा कोणताही असो, तो नसल्यासारखाच मानावा.

गाडी पाहायला जावे ते सकाळी, आणि सुरू करून ठेवू नका असे बजावून. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करावी. कारण गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. तेलाचे झाकण उघडून आतली बाजू पाहावी. तेथे दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर पाणी आणि तेल एकत्र होत असण्याचा संशय येतो, आणि ती दुरुस्ती किरकोळ नसते. सुरू करताच निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळते. दाट पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट जळते. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग तडकलेला असेल तर पाना तेथे एकदा तरी फिरलेला आहे. हे सारे स्वतः पाहिल्यावरही आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा, डीलरने सुचवलेला नव्हे; आणि ‘बाहेरचा मेकॅनिक चालणार नाही’ असे उत्तर आले तर पुढच्या गाडीकडे वळावे.

यंत्राइतकीच जोखीम कागदांतही असते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आर.सी.वर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले तरी तो आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो, आणि तोवर गाडी नावावर होत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घालणारा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरल्यानंतर तिकडच्या गाड्या कमी भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. त्या घेताना मूळ राज्याचा दाखला, येथील रस्ताकर आणि नव्या पासिंगचा खर्च किमतीत मिळवला, तर स्वस्ताई पुष्कळशी विरघळते. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा.

कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अर्जावर, सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची चाल अजून आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला द्यायची असते. विम्याबाबत गैरसमज याहून मोठा आहे. गाडीबरोबर विमाही आला असे लोक समजतात. प्रत्यक्षात त्रयस्थाच्या नुकसानीपुरता तो आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनीकडे अर्ज करून नावावर घेईपर्यंत आपला नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे पूर्वीच स्पष्ट केलेले आहे. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ तर गाडीबरोबर येतच नाही. तेव्हा सौदा ठरवताना भावातली थोडी रक्कम आर.सी. आपल्या नावावर होईपर्यंत हाती राखण्याची अट घालावी. दलाल प्रथम हरकत घेतो, असे कोणी करत नाही म्हणून सांगतो, आणि गाडी खपवायचीच असेल तर पाच-दहा हजारांवर तडजोड करतो.