अक्षरांना सोनं चढवताना

सकाळी ९
सुरतच्या बमरोलीत लूमचा खडखडाट रात्रभर चालूच असतो. शटर वर करून मी संगणक लावतो. श्रावण लागलाय. जळगाव-धुळे-नंदुरबारहून येऊन इथं वसलेल्या घरांत कानबाईची तयारी सुरू आहे, पाठोपाठ गणपती. फ्लेक्सचा हंगाम. मागणं एकच : "भाऊ, नाव सोनासारखं चमकाले जोयजे."

१०
मंडळाचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स. कोरलमध्ये ‘कानबाई माता उत्सव’ टाइप करून कर्व्ह करतो आणि आधी वेल्ड मारतो. प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं. वेल्ड राहिलं तर बेव्हल दिल्यावर प्रत्येक सांध्यावर चीर दिसते.

११
आता फोटोशॉप. ग्रेडियंटमध्ये गडद तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा आणि लगेच पुन्हा तपकिरी. नुसता पिवळा भरला तर अक्षर हळद लावल्यासारखं दिसतं. धातू ओळखू येतो तो त्यात उमटलेल्या प्रतिबिंबामुळे, म्हणून उजेडाला लागूनच अंधार हवा. क्रोमचंही तसंच : वर आकाशी, मधे क्षितिजाची काळी रेघ, खाली मातकट. मग बेव्हल अँड एम्बॉस, प्रकाश १२० अंशांवर, म्हणजे डावीकडून वरून. सावलीही त्याच कोनाची, नाहीतर डोळा फसत नाही. बाहेरचा स्ट्रोक मात्र जपून, कारण जाड झाला की ‘श्री’तल्या पोकळ्या बुजतात.

दुपारी २
कळण्याची भाकरी, ठेचा.

३
साडीच्या बॉक्सचं लेबल. याला खरं फॉइल लागणार, त्यामुळे ग्रेडियंट नको, सावली नको. ब्लॉक करायला सपाट काळं अक्षर द्यायचं. सोनं मशीनवर चढतं. दिवसातलं सर्वांत सोपं काम हेच, पण बारीक रेघा आधी जाड करून घ्याव्या लागतात.

संध्याकाळी ६
सकाळची फाइल सीएमवायकेत. फ्लेक्सच्या मशीनमध्ये सोनेरी शाई नसते, चार रंगांतूनच सोनं भासवायचं. निळा जरा वाढला की सोनं हिरवट पडतं; मी तो उतरवतो, मॅजेंटा थोडा चढवतो. फाइल लहान-मोठी करताना ‘स्केल स्टाइल्स’वर टिक हवीच, नाहीतर अक्षर बदलतं आणि बेव्हल तेवढाच राहतो.

रात्री ८
बारा तासांची पाळी संपवून एक कारागीर मुलीच्या वाढदिवसाचा बॅनर करायला आलाय. खुर्चीमागे उभा राहून म्हणतो, "दादा, अजून चमकव." मी पांढऱ्याला हात लावत नाही, तपकिरी आणखी गडद करतो. "हां, आता बरोबर!" पोरीचं नाव तो दोनदा वाचतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घाईघाईचं काम द्यायला माझं मन धजत नाही.

१०
फाइली प्रिंटिंगला गेल्या. हे काम शिकणाऱ्या मुलांना माझी एक विनंती आहे. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक तयार स्टाइल रोमन अक्षरं समोर ठेवून केलेल्या असतात. त्या ‘श्री’वर आणि ‘ज्ञ’वर जशाच्या तशा चढवू नका, आधी अक्षर मोठं करून त्याची सर्वांत बारीक रेघ पाहा, मग आकडे ठरवा.