कोणाचे रडणे निवडावे?

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. नागरवाड्यातील आमची पोळ निजायच्या बेतात होती. एवढ्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. तेथे तेव्हा दुपार व्हायची होती. भाचा व्यवसायाने भूलतज्ज्ञ, पण गावाबाहेर थोडी जमीन घेऊन त्याने हौसेने चाळीसएक शेळ्या पाळल्या आहेत. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडून एक तज्ज्ञ सल्ला हवा आहे. मी पाच-सहा आवाज पाठवतो. त्यांतले कोणते रडणे सर्वांत खरे वाटते, ते सांगा."

मला वाटले, एखाद्या अर्भकाची केस असावी. प्रत्यक्षात प्रकरण निराळेच होते. मागील विणीच्या हंगामात त्याची नऊ करडे कायोटीने नेली होती. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतील भाऊबंद, कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान. त्याची शिकार तेथील कायद्यानुसार वर्षभर करता येते. ती करण्याचे एक साधन म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक कॉलर', अर्थात हाक देणारे यंत्र. असे यंत्र भाच्याला विकत घ्यायचे होते आणि कोणते घ्यावे हे ठरत नव्हते.

मित्रहो, शिकारीसाठी आपल्या भाषेत जुना शब्द आहे 'हाका'. ढोल, डबे, आरडाओरडा करून जनावराला मचाणाच्या दिशेने हुसकावणे म्हणजे हाका. या यंत्राची रीत नेमकी उलटी. येथे हाका नाही, हाक आहे. जनावर भिऊन पळत नाही, आपल्या पायांनी चालत येते. ही युक्तीही आपल्याला अपरिचित नाही. पिंजऱ्यातील पाळीव तित्तिराच्या बोलीवर रानातील तित्तीर बोलावणे हा आपल्याकडील फार जुना प्रकार. जिम कॉर्बेट यांनी १९३८ साली कुमाऊँमधील ठाकच्या नरभक्षक वाघिणीला स्वतःच्या गळ्यातून नर वाघाची साद घालून जवळ बोलावले होते. आपल्या बडोद्याच्या गायकवाडांकडे काळविटाच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते असत, हे जुन्या मंडळींनी वाडवडिलांकडून ऐकलेले असेल. त्या शिकारीत मात्र हाकही नव्हती आणि फसवणूकही नव्हती. होती ती केवळ धाव.

अमेरिकेतील शिकारी पूर्वी हाताच्या मागील बाजूस ओठ लावून उंदरासारखे चीत्कार काढीत, नाहीतर लाकडी शिटी फुंकीत. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, मग ध्वनिफिती, आणि आता बोटाएवढ्या चिपमध्ये शेकडो आवाज मावतात. यंत्राचे भाग दोन. एक ध्वनिक्षेपक, जो झुडपापाशी ठेवायचा, आणि दुसरा हातातील रिमोट. ध्वनिक्षेपक शिकाऱ्यापासून दूर ठेवण्याचे कारण असे, की येणाऱ्या जनावराचे डोळे आवाजाच्या दिशेला लागलेले असतात. तेथे माणूस नसावा.

भाच्याने निवडीचे निकष एखाद्या उपकरणाची निविदा वाचावी तसे वाचून दाखविले. कर्ण्याच्या आकाराचा ध्वनिक्षेपक उंच पट्टीचे आवाज दूरवर नेतो, तर शंकूच्या पडद्याचा ध्वनिक्षेपक खालच्या पट्टीचे आवाज न फाटता देतो. रिमोट झाडीतून, चढउतारावरून किती अंतर काम करतो, हे जाहिरातीतील आकड्यावरून कळत नाही. ते शेतातच पाहावे लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते. काही यंत्रांत दोन आवाज एकाच वेळी वाजतात. काहींना केसाळ गोंडा हलविणारी छोटी मोटर जोडलेली असते, म्हणजे कानाबरोबर डोळेही फसावेत. आवाज मोठा असणे हा गुण खरा, पण आरंभ नेहमी हळू आवाजाने करायचा. कारण जनावर जवळच बसलेले असेल तर एकदम मोठ्या किंकाळीने ते पळून जाते. शिवाय कायोटी वारा घेत वळसा घालून येतो. त्याला माणसाचा वास आला, की सर्वांत महागडे यंत्रही निरुपयोगी.

"एवढे सगळे तुला ठाऊक आहे, मग मला काय विचारतोस?" मी म्हणालो.

"आवाज, मामा. शेवटी सगळे आवाजावर आहे."

ते आवाज होते आर्त पिल्लांचे. मोठ्या रानसशाचे घोगरे ओरडणे, लहान सशाची त्याहून उंच किंकाळी, उंदराचे चीत्कार, हरणाच्या पाडसाचा आक्रोश, खुद्द कायोटीच्या पिल्लाचे केकाटणे. भक्षकाला बोलवायचे तर त्याला संकटात सापडलेल्या कोणाचे तरी रडणे ऐकवायचे, हे त्या यंत्राचे सारे तत्त्व. गेली अठ्ठावीस वर्षे मी दररोज रडणे ऐकतो आहे. तेव्हा भाच्याने योग्य माणूस गाठला होता, हे मान्य केले पाहिजे.

मी दिवाणखान्यात बसून एकेक आवाज लावू लागलो. पहिले दोन ऐकताच बनावट वाटले. थोड्या थोड्या वेळाने तोच हुंदका जसाच्या तसा परत येत होता. खरे रडणे असे कधी नसते. अर्भकाचे रडणे म्हणजे साधारण एक सेकंदाचा उच्छ्वास, मग झटकन घेतलेला श्वास, पुन्हा उच्छ्वास. पण कोणतेही दोन उच्छ्वास सारखे नसतात. वेदना वाढली की आवाजाची पट्टी चढते, स्वर मध्येच फाटतो, खरखरीत होतो. ही खरखर कानाला नको वाटते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. भाच्याला मी सांगितले, की ज्या आवाजात श्वास ऐकू येतो आणि पुनरावृत्ती सापडत नाही, तो खरा.

मग मी पाडसाचा आवाज लावला. तो अस्सल होता. इतका, की माझ्याच हाताची बोटे स्टेथॉस्कोपसाठी चाचपडली. अर्ध्या मिनिटात दाराची कडी वाजली. समोरच्या घरातील सूनबाई, सहा महिन्यांची आई, अनवाणी दारात उभ्या होत्या. "डॉक्टरसाहेब, कोनुं छोकरुं रडे छे?" मी ओशाळून हे हरणाच्या पाडसाचे ध्वनिमुद्रण असल्याचे सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. मोबाइल हातात घेऊन त्यांनी पुन्हा एकदा ऐकले आणि विचारले, "पण एनी मा आवी?" त्याची आई आली का? याचे उत्तर त्या ध्वनिफितीत नव्हते.

या प्रसंगाचे मला नवल वाटायला नको होते. कॅनडातील संशोधक सुसान लिंगल आणि त्यांचे सहकारी टोबियास रीडे यांनी २०१४ साली याच्या उलट प्रयोग प्रसिद्ध केला होता. रानातील हरिणींना त्यांनी ध्वनिक्षेपकावरून मांजर, कुत्रा, सील, वटवाघूळ आणि माणूस यांच्या पिल्लांचे रडणे ऐकविले. त्या रडण्याची पट्टी पाडसाच्या पट्टीच्या आसपास असली, तर हरिणी ध्वनिक्षेपकाकडे धाव घेत. रडणारे पिल्लू कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्यांच्या धावण्याआड येत नसे.

पण त्या रडण्याला दुसराही श्रोता आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोरोक्कोतील उद्यानातल्या नाईल मगरींना मानवी अर्भके, चिंपांझी आणि बोनोबो यांच्या पिल्लांचे रडणे ऐकविण्यात आले. मगरी आवाजाकडे सरसावल्या. आणि रडण्यातील आर्तता जितकी तीव्र, तितका त्यांचा प्रतिसाद मोठा. भक्ष्याची आशा हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण अभ्यासकांनी मानले, काही मगरींच्या बाबतीत मातृभावही असू शकेल असे नमूद केले. आपल्या विश्वामित्रीतील मगरी निराळ्या जातीच्या, तरी त्याच कुळातल्या. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत त्या वस्तीत शिरल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नदीकाठी तान्ह्या मुलांना न्यायचे नाही, असे माझी आजी बजावीत असे. त्यात किती अनुभव आणि किती भीती, हे मी कधी विचारले नाही.

म्हणजे पिल्लू रडते तेव्हा ते मोठा धोका पत्करते. आई ऐकेल तसाच शत्रूही ऐकेल. तरीही सृष्टीत पिल्ले रडत आली आहेत. याचा अर्थ, आईच्या येण्यावरचा तो जुगार बहुतेक वेळा यशस्वी होत असला पाहिजे. हाक देणारे यंत्र हा जुगार मोडून त्यातील अर्धाच भाग ठेवते.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पाडसाचा किंवा करडाचा आवाज निवडू नकोस. कायोटीच्या आधी हरिणी येतील, तुझ्या शेळ्याही कुंपणावर धडका देतील. पिल्लाच्या केकाटण्यावर तर कायोटीची आईच येईल. घ्यायचाच तर सशाचा आवाज घे. दुसरी, यंत्राआधी राखण पाहा. आपला धनगर रात्री मेंढ्या जाळीच्या वाघरीत कोंडतो आणि बाजूला कुत्री ठेवतो. टेक्सासमध्येही राखणीच्या मोठ्या कुत्र्यांची पद्धत आहेच. नऊ करडे गमावलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते, म्हणून याहून अधिक मी बोललो नाही. येथे असतो तर प्रश्नच नव्हता. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत सापळा, हाका, आमिष आणि यांचा नुसता प्रयत्नही येतो. युरोपने १९७९ च्या पक्षी-निर्देशातच पक्ष्यांच्या शिकारीतील ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. खुद्द अमेरिकेतही स्थलांतरित पक्ष्यांसाठी, काही अपवाद सोडल्यास, असे यंत्र चालत नाही. कायोटीला ते संरक्षण नाही.

फोन ठेवता ठेवता भाचा आणखी एक गोष्ट बोलून गेला, आणि तीच मला रात्रभर पुरली. "एकदा फसून सुटलेला कायोटी पुन्हा त्या आवाजाला येत नाही, मामा. त्याचे कान निबर होतात."

माझेही कान एकदा असेच निबर झाले होते. एमडीचे शिक्षण घेत असतानाची गोष्ट. सलग विसाव्या तासाची ड्यूटी, बाहेर बाकावर रडणाऱ्या मुलांची रांग. खेड्यातून आलेली एक आई आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन उभी होती. ताप होता. मी तपासले, औषध लिहिले, सकाळी ओपीडीत यायला सांगितले. ती जाईना. म्हणाली, "साहेब, हा याचा आवाज नाही." आईचा जीव घाबरा आहे, एवढेच मी त्यातून घेतले. ती रात्रभर व्हरांड्यात बसून राहिली. सकाळी वरिष्ठांनी ते उंच, धारदार, तुटक रडणे दारातूनच ऐकले आणि पाठीतले पाणी काढायला सांगितले. पाणी गढूळ आले. मेंदूज्वर होता. मूल वाचले, पण दोन्ही कानांनी ऐकेनासे झाले. त्या सहा-सात तासांनी किती फरक पडला असता, हे कोणी निश्चित सांगू शकत नाही. मी मात्र स्वतःला ती सूट कधी दिलेली नाही.

उंच रडणे आणि मेंदूचे विकार यांचा संबंध पाठ्यपुस्तकात होता. मी तो पाठ करून परीक्षेत लिहिलाही होता. १९६३ साली लेझून यांनी पाचव्या गुणसूत्राच्या विकाराला नाव दिले तेच मुळी मांजराच्या पिल्लासारख्या रडण्यावरून. थायरॉइडच्या उणिवेतील घोगरे रडणे, कावीळ मेंदूत पोहोचल्यावरचे कर्कश रडणे, हे सारे आपण शिकतो. मग दररोज शंभर रडणी ऐकून तेच कान बोथट होतात. कायोटी फसवणुकीने शहाणा होतो. आपल्याला तर कोणी फसविलेलेही नसते. नवजात अतिदक्षता विभागातील यंत्रांच्या घंटांबाबतही हेच घडते. सतत वाजणारी घंटा काही दिवसांनी ऐकू येत नाही.

त्या रात्रीनंतर मी एक साधा नियम केला आणि तो आजतागायत पाळतो. रडणारे मूल टेबलावर आले, की तपासण्यापूर्वी आईला विचारतो, "हे याचे नेहमीचे रडणे आहे का?" उत्तर केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहितो. ती 'नाही' म्हणाली, तर कारण सापडेपर्यंत मुलाला घरी पाठवीत नाही. यात अनेकदा साधी कानदुखी निघते, कधी बोटाला गुंडाळलेला केस. वेळ जातो, बाहेरची रांग कुरकुरते. आमच्या तरुण सहकाऱ्यांनी हा प्रश्न उचलावा, यासाठीच हा लेखनप्रपंच.

भाच्याने अखेर यंत्र घेतले, सशाच्या आवाजाचे. त्यासोबत राखणीची दोन कुत्रीही आणली आणि विणीसाठी बंदिस्त गोठा बांधला. या हंगामात दोन करडे गेली, एक कायोटी मारला गेला. पाठविलेले आवाज मी मोबाइलमधून पुसून टाकले आहेत. समोरच्या सूनबाईंचे बाळ आता चालू लागले आहे, आणि त्याच्या रडण्यातील फरक त्या मला दाराशी येऊन सांगतात. मी ऐकून घेतो.