तोत्तोचानला शाळेतून काढता आलं असतं?

शिक्षणहक्काची कलमं मुलांपुढे वाचली, तर ती जांभया देतात. त्यापेक्षा तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ (१९८१, मराठीतही मिळतं) वर्गात वाचायला घ्यावं. डेस्कचं झाकण सारखं उघडणारी-मिटणारी, खिडकीतून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारणारी ही जपानी मुलगी. तिला पहिलीतच शाळेतून काढतात. इथे थांबून विचारावं : आपल्याकडे असं चालेल? नाही चालणार. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही.

पुढे तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी प्रवेशाच्या दिवशी चार तास तिची बडबड ऐकून घेतात. आपल्याकडे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली, तर कलम १३खाली पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. (ऐकून घेण्याची सक्ती मात्र कायद्यात नाही!)

याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं म्हटलंय. एवढी ओळ मुलांना जरूर वाचून दाखवा. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे ती लगेच विचारतील.