विश्लेषण : उपमुख्यमंत्रिपद घटनेत नाही, मग त्याला वजन येते कुठून?

परभणी जिल्ह्याला आजवर उपमुख्यमंत्रिपद मिळालेले नाही. मराठवाड्याच्या वाट्याला ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा शेजारच्या बीड जिल्ह्याला. ५ डिसेंबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. राज्यातील या ‘क्रमांक दोन’च्या पदाला नेमके अधिकार किती आणि जिल्ह्यांना त्याचा उपयोग काय, हे समजून घेऊ.

घटना काय सांगते?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ आणि १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्री यांचाच उल्लेख आहे. उपमुख्यमंत्री हा शब्द तिथे नाही. कायद्याच्या नजरेत ते एक मंत्रीच असतात. २८८ सदस्यांच्या विधानसभेत १५ टक्क्यांच्या मर्यादेनुसार मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री होऊ शकतात. उपमुख्यमंत्री याच आकड्यात मोजले जातात. या नेमणुकांना आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळली. या पदनामामुळे घटनेचा भंग होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मुख्यमंत्री पायउतार झाले तर खुर्ची आपोआप मिळते?

नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गव्हर्नरचे पद रिकामे झाले की लेफ्टनंट गव्हर्नर त्या जागी येतो. आपल्याकडे तसे नाही. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला की अख्खे मंत्रिमंडळ जाते आणि बहुमत कोणाकडे, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महाराष्ट्राचा अनुभवही तेच सांगतो. आधी उपमुख्यमंत्री आणि त्यानंतर पहिल्यांदाच मुख्यमंत्री, असा प्रवास २०२४ पर्यंत एकाही नेत्याला जमला नव्हता. देवेंद्र फडणवीस २०२४ मध्ये उपमुख्यमंत्रिपदावरून मुख्यमंत्री झाले; पण २०१४ ते २०१९ या काळात ते आधीच मुख्यमंत्री होते. त्या पाच वर्षांत तर राज्याला उपमुख्यमंत्रीच नव्हता.

मग हे पद आले कशासाठी?

आघाडीच्या गणितासाठी. मार्च १९७८ मध्ये काँग्रेसचे दोन गट एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, तर इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. सरकार जेमतेम साडेचार महिने टिकले. त्यानंतर शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात बीडचे सुंदरराव सोळंके या पदावर आले. म्हणजे मराठवाड्याला हे पद पहिल्याच वर्षी मिळाले होते.

मुंडे यांच्या काळात काय बदलले?

परभणी-परळी रेल्वेमार्गावर गंगाखेडच्या पुढे परळी. त्याच तालुक्यातील नाथ्रा हे गोपीनाथ मुंडे यांचे गाव. १९८० मध्ये रेणापूरमधून ते आमदार झाले, १९८५ मध्ये पडले, १९९० मध्ये पुन्हा निवडून आले आणि पुढच्याच वर्षी विरोधी पक्षनेते झाले. १९९५ मध्ये शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार आले. मोठा पक्ष म्हणून मुख्यमंत्रिपद सेनेकडे गेले, तर उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते मुंडेंकडे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा फेरआढावा घेणारी मंत्रिमंडळ उपसमितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. तिच्या अहवालानंतर सरकारने तो करार रद्द केला; पुढे फेरवाटाघाटींनंतर प्रकल्प पुन्हा मार्गी लागला.

याच सरकारच्या शेवटच्या वर्षात, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मुंडे मात्र मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले नाहीत. २०१४ मध्ये ते केंद्रात ग्रामविकासमंत्री झाले आणि आठवडाभरातच, ३ जून रोजी, दिल्लीत अपघाती निधन पावले.

खरी ताकद कशात असते?

खात्यात आणि पाठीशी असलेल्या आमदारांत. गृहखाते हातात असले की पोलीस यंत्रणा येते, तशी जबाबदारीही येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांना पद सोडावे लागले. अजित पवार यांनी सिंचनावरील आरोपांमुळे सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. पण पक्षावरची पकड कायम असल्याने डिसेंबरमध्ये ते त्याच पदावर परतले.

परभणीकरांनी काय पाहावे?

गावचा रस्ता, शाळेची खोली, आरोग्य केंद्राची दुरुस्ती अशी कामे जिल्हा वार्षिक योजनेतून होतात. तिचा आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती करते. पण निधी किती वाढवायचा, हे राज्यस्तरीय बैठकीत वित्त व नियोजन खात्यासमोर ठरते. अजित पवार उपमुख्यमंत्री असताना अशा विभागवार बैठका तेच घेत, कारण ती खाती त्यांच्याकडे होती. म्हणून उपमुख्यमंत्री कोण, एवढेच पाहून भागत नाही. त्यांच्याकडे खाते कोणते आणि त्या बैठकीत जिल्ह्याची मागणी किती तयारीने मांडली जाते, यावर परभणीच्या पदरात काय पडते ते ठरते.