नोकरी सोडावी, पण हिशेब मांडून!



‘नोकरी’ हा शब्द आपल्या समाजात इतरांपेक्षा वजनाने जड आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे, शेतीवाडी आहे, त्यांचा मुलगा राजीनामा देऊन चित्रकार व्हायला निघाला तर लोक त्याच्या धाडसाचे कौतुक करतात. आपल्या घरात कोणी तसे नुसते बोलले, तरी आई पदराने डोळे पुसते आणि बाप जेवणाच्या ताटावरून उठतो. यात आईबापांचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही. येसकरकी करणे, मेलेली ढोरे ओढणे, शिळ्या भाकरीसाठी दारोदार हात पसरणे हे ज्यांच्या आज्या-पणज्याने भोगले, त्यांना महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार हा चळवळीने मिळवून दिलेला मान वाटतो.

मीरा-भाईंदर परिसरातील आपली घरे पाहा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या चाळी सोडून कित्येक कुटुंबे स्वस्तातली खोली शोधत पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने इकडे सरकली. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या बाजूने इमारती उभ्या राहिल्या. पहाटेची चर्चगेट लोकल पकडणारे शिपाई, कारकून व सफाई कामगार, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कामगार, मीरा रोडच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांच्या कष्टावर एक पिढी शिकली. ती आज बी. कॉम. आहे, आय. टी. आय. आहे, कंत्राटी का होईना पण कामाला लागली आहे. याच पिढीतला एखादा उत्तम गातो, एखादी चित्रे काढते, एखादा मोबाइलवर लघुपट तयार करतो. रविवारी विहारात वंदना आटोपली की ही मुले हळूच विचारतात, “काका, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच केले तर?”

या प्रश्नाला ‘सोड’ किंवा ‘सोडू नकोस’ असे एका शब्दात उत्तर देणारा माणूस एक तर फार श्रीमंत असला पाहिजे, नाही तर फार बेजबाबदार. आम्ही या मुलांना आपल्याच माणसांची उदाहरणे सांगतो. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बाबासाहेबांचा राजीनामा

नोव्हेंबर १९१८ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. पण हा पगार घेणारा प्राध्यापक परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होता. घरखर्चाला माता रमाईंच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेला पैसा लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी बाजूला टाकायचा, हा त्यांचा नेम होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हाही बाबासाहेब नोकरीतच होते. म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर ते लंडनला गेले. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले व त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवीही त्यांना मिळाली.

या राजीनाम्याकडे जरा बारकाईने पाहा. मन उबगले आणि सकाळी उठून कागद टाकला, असे येथे घडलेले नाही. आधी ध्येय ठरले, मग काटकसर झाली, नोकरीत असतानाच कामाला सुरुवात झाली आणि सर्वांत शेवटी राजीनामा आला. शिवाय मागे राहिलेल्या रमाईंनी पैशापैशाची ओढाताण सोसून घर सांभाळले. आपण जयंतीला हा इतिहास गौरवाने सांगतो. पण बाबासाहेबांच्या त्या तीन वर्षांची अर्धी किंमत रमाईंनी चुकती केली आहे, हेही त्याच गौरवाने सांगितले पाहिजे.

यशोधरेची संमती

घर सोडण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तथागतांचे. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री बायकोमुलाला झोपेत टाकून गुपचूप निघून गेला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी मांडलेला सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या शाक्य-कोलियांच्या युद्धाला विरोध करतो आणि त्या विरोधापायी परिव्राजक होतो. निघण्यापूर्वी तो आईवडिलांना सांगतो, यशोधरेला सांगतो. यशोधरा खंबीरपणे संमती देते आणि राहुलची जबाबदारी घेते.

आमच्या मते संसारी माणसाने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. ज्यांच्या ताटातली भाकरी कमी होणार आहे, त्यांना आधी विचारा. रात्री गुपचूप राजीनामा देऊन सकाळी घरी सांगणे याला त्याग म्हणत नाहीत.

ज्यांनी सोडली, ज्यांनी धरली

आता आपल्या कलावंतांकडे येऊ. बाबूराव बागूल यांचा जन्म १९३० मध्ये नाशिकजवळच्या विहितगावचा. मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात ते वाढले. रेल्वेची नोकरी लागली, पण सुरतेला भाड्याची खोली मिळण्यासाठी जात लपवावी लागली. तो अपमान गिळून तिथे राहणे त्यांना जमले नाही. १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेचा चेहरा बदलला. पोटासाठी निरनिराळी कामे करीत ते लिहीत राहिले आणि १९६८ नंतर पूर्णवेळ लेखक झाले. पुढच्याच वर्षी ‘मरण स्वस्त होत आहे’ हा दुसरा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या पुस्तकानंतरही पाच वर्षे त्यांनी हातातले काम टाकले नव्हते.

लोककवी वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. जन्म १९२२. तारुण्यापर्यंत निरक्षर. मुंबईत मिळेल ती मजुरी करता करता अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ मध्ये पहिले गीत रचले. पुढे सारे आयुष्य गाण्यावर ओवाळून टाकले. जिथे पुस्तक पोचले नाही, वर्तमानपत्र पोचले नाही, तिथे वामनदादांच्या गाण्यांनी बाबासाहेब पोचवले. पण १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत आर्थिक ओढाताणीने त्यांची पाठ सोडली नाही. ज्यांच्या गाण्यांवर आपली प्रत्येक जयंती उभी आहे, त्यांच्या वाट्याला हे यावे, याचा विचार समाजाने करायचा की नाही?

नोकरी धरून ठेवणाऱ्यांनी काही कमी केले असेही नाही. उर्मिलाताई पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होत्या. घर, मुले, कार्यालय सांभाळून त्या एम. ए. झाल्या, कथा लिहिल्या. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी घरोघरी जाऊन गोळा केल्या. १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक त्यातून उभे राहिले. त्या दोघी गेल्या नसत्या, तर त्या म्हाताऱ्या आयाबायांबरोबर तो इतिहासही गेला असता. २००३ मध्ये उर्मिलाताईंचे ‘आयदान’ आले. दया पवारांनीही नोकरी करीत करीतच लेखन केले व १९७८ मध्ये ‘बलुतं’ मराठीला दिले.

तेव्हा नोकरी सोडली म्हणून कोणी कलावंत होत नाही आणि धरली म्हणून कोणाची कला मरत नाही. रोज थोडे का होईना, काम होते आहे की नाही, ही खरी कसोटी. जो नोकरीत असताना आठवड्याला एक गाणे बसवीत नाही, तो नोकरी सोडल्यावर रोज एक बसवील यावर आमचा विश्वास नाही.

पोटाचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कारकुनी करणारी माणसे. त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. ज्याच्याकडे हा चौथा भागच नाही, त्याने राजीनाम्याचा कागद अजून खिशातच ठेवावा. निदान एक वर्षाचा घरखर्च बँकेत बाजूला असल्याशिवाय पाऊल उचलू नये.

दुसरी गोष्ट, भविष्य निर्वाह निधीची वर्षे मोजा. खासगी नोकरीत या निधीच्या पेन्शन योजनेची १० वर्षे पुरी झाल्याशिवाय निवृत्तिवेतनाचा हक्क मिळत नाही. कायम कामगाराला राजीनामा देताना ग्रॅच्युइटी मिळायची तर सलग ५ वर्षे लागतात. राज्य सरकारच्या सेवेत स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षे लागतात. दोन-चार महिन्यांच्या उतावीळपणाने हे हक्क बुडवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. घरात आजारी म्हातारे माणूस असेल आणि ई. एस. आय. वर औषधोपचार चालू असतील, तर नोकरी सुटल्यावर ती सवलत कायम राहत नाही, हेही ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट, सम्यक आजीविका. कुणाला न नाडता, कुणाचा घात न करता पोट भरणे हा अष्टांगिक मार्गातला भाग आहे. जे काम करताना रोज मन मेल्यासारखे होते, लोकांना फसवल्याशिवाय ज्यात पगार मिळत नाही, ते काम आज ना उद्या सोडलेच पाहिजे. तिथे पैशाच्या हिशेबाबरोबर शीलाचाही हिशेब आहे. मात्र ‘मला कंटाळा येतो’ आणि ‘हे काम वाईट आहे’ या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आणि चौथी गोष्ट भगिनींची. नवरा कवी झाला म्हणून बायको रात्री बारापर्यंत शिलाई मशीन चालवत असेल, तर त्या कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर तिचे नाव छापा आणि संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करा. आणखी एक विचारतो. ‘तुला खरे काय करायचे आहे?’ हा प्रश्न आपण मुलीला कधी विचारतो काय? शाळेत असताना भीमगीतांत पहिला नंबर काढणाऱ्या मुली लग्नानंतर कुठे जातात? त्यांना राजीनामा देण्याइतकी नोकरीसुद्धा मिळालेली नसते. मुलाच्या कलेसाठी घर काटकसर करते, मग मुलीच्या पेटी-तबल्याच्या शिकवणीसाठी का नाही?

समाजाने काय करावे?

हिशेबाचा अर्धा भाग घरचा, उरलेला अर्धा समाजाचा. १४ एप्रिलला आपण डीजेला हजारो रुपये मोजतो, कमानी उभारतो, फलकांवर पंचवीस जणांचे फोटो छापतो. रात्रभर गाणाऱ्या शाहिराला मात्र शाल, श्रीफळ आणि एक पाकीट! पाकिटात किती, हे त्याने घरी जाऊन बघायचे. तबलजी, कोरसवाल्या भगिनी यांचा तर हिशेबच नसतो. शालीने थंडी जाते, खोलीचे भाडे जात नाही.

महाराष्ट्र शासन ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देते. २०२४ मध्ये ते सरसकट महिना ५,००० रुपये करण्यात आले. आपल्या वस्तीतील जुने गायक, ढोलकीवाले, जलसाकार यांचे अर्ज भरून देण्याचे काम प्रत्येक मंडळातील एका शिकलेल्या मुलाने अंगावर घ्यावे. कागदपत्रांअभावी एकही म्हातारा कलावंत वंचित राहू नये.

पण शासनाचे मानधन म्हातारपणी. ऐन उमेदीत काय? म्हणून आमची सर्व जयंती मंडळांना व महिला मंडळांना नम्र सूचना आहे. पुढच्या बैठकीत खर्चाचा कागद लिहायला घ्याल, तेव्हा पहिली ओळ कलावंतांच्या मानधनाची लिहा, मग मंडप, मग बाकीचे. रक्कम आधी ठरवा, निम्मी आगाऊ द्या, उरलेली कार्यक्रम संपताच सर्वांसमक्ष द्या. विहाराची खोली दुपारी रिकामी असते. ती तालमीला, चित्रे काढायला मोकळी करा. शहरात लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. त्याच्या रंगमंचावर आपल्या मुलांचे नाटक व्हावे, म्हणून वर्षाला प्रत्येक घराने थोडी वर्गणी काढली तर भाडे कोणा एकाच्या बायकोच्या मंगळसूत्रातून जाणार नाही.

मुलांनो, तुमच्या मनात जे आहे ते दाबून टाकू नका. आधी घरात बोला, वहीत आकडे मांडा, पहाटेचा एक तास आजपासून कलेला द्या. वर्षभर हे पाळून दाखवा आणि मग राजीनाम्याचा विचार करा. तोवर मंडळातल्या मोठ्या माणसांनी खर्चाच्या कागदावरची ती पहिली ओळ लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!